विसाव्यावरचे तिघे

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटेल त्यानं तिन्हीसांजेला आमच्या अंगणात येऊन उभं राहावं, मग आपण बोलू.

माझं नाव शांती. सातवीपर्यंत शिकले. मी सांगतेय आणि माझी भाची पिंकी मोबाईलवर टाइप करतेय. असल्या गोष्टींची पेजं तीच वाचते. म्हणाली, आत्या, तू सांग, कुणाला तरी उपाय माहीत असेल. म्हणून सांगतेय. नाहीतर घरातलं बाहेर काढायची मला हौस नाही.

गावाचं नाव सांगणार नाही. पेणहून रोह्याकडे येताना गडबच्या पुढं हायवे सोडून आत वळलं की डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी लागते. मागं नदीची घळ. दोन्ही बाजूंना उंच काळा कातळ, खाली पाणी. पाण्याचा आवाज बारा महिने घरात ऐकू येतो. आम्हाला त्याची इतकी सवय की तो थांबला तरच कळेल.

तो थांबला होता. पण ते पुढं येईल.

माझा नवरा गुणाजी. घरी मी त्यांना गणेशचे बाबा म्हणते. गणेश आमचा एकुलता एक मुलगा, नागोठण्याच्या बाजूला कंपनीत शिफ्टला जातो. हाडानं माझ्यासारखा किरकोळ आणि मनानं बापासारखा. कुणी काही मागितलं की याच्या तोंडून 'नाय' येत नाही. त्यावरून मी त्याला किती वेळा फैलावर घेतलंय.

शेतीवर भागेना म्हणून गणेशच्या बाबांनी फेरी सुरू केली. शहरातली माणसं यायची. सकाळी चहा-पोहे, मग गोल चालत जायचं. आधी पायऱ्यांची जुनी विहीर, तिथले वीरगळ, मग ओढ्यावरचा साकव, मग नदीकाठ, आणि तिथून घळीच्या वाटेनं उतरत घरी. थंडीत संध्याकाळी शेतात पोपटी लावायची. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, मडकं उपडं. लोक खूश. सुलेमानभाई त्यांना वडखळहून टेम्पोतून आणायचे. ते आमचे शेजारी. गणेशच्या बाबांची आणि त्यांची दोस्ती चड्डीतली.

आता चूक कुठं झाली ते सांगते.

त्या नदीकाठाला आमची जुनी मसणवट आहे. रस्त्याला नवीन शेड झाल्यापासून तिकडं कुणी नेत नाही. पण आधी घळीच्या वाटेनंच मयत जायची. अर्ध्या वाटेवर एक सपाट दगड आहे, तो विसावा. तिरडी तिथं क्षणभर खाली ठेवतात, खांदेकरी जागा बदलतात, पुढचे मागं, मागचे पुढं, आणि मग परत उचलून न्यायची. पोचवून आलेली माणसं मात्र त्या वाटेनं कधी माघारी यायची नाहीत. साकवावरून यायचं, विहिरीवर पाय धुवायचे, मग घर. माझे सासरे गेले तेव्हा सगळी पुरुषमंडळी तशीच ओल्या पायांनी आलेली मला आठवतात.

म्हणजे आमची फेरी उलटी होती.

गणेशच्या बाबांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण घळीची चढण सुरुवातीलाच आली की शहरातली माणसं बसकण मारतात. म्हणून त्यांनी वाटेवरचे दिशेचे बाण उलटे रंगवले. मी एकदा हटकलंसुद्धा. तर म्हणाले, आता तिकडून कोण नेतंय? आणि खरंच, दोन वर्षं काही झालं नाही. जिवंत माणसं हसत जायची, हसत यायची.

गेल्या पौषातला रविवार होता.

फेरीतल्या एका बाईंचा पाय नदीकाठच्या गोट्यांवरून मुरगळला. पाऊल टेकवेना. गणेशच्या बाबांनी बेटातले दोन बांबू तोडले, मध्ये चादर बांधली, बाईंना तीत झोपवलं. एका टोकाला हे, बाकी तीन टोकांना त्यांच्यातलेच तीन पुरुष. खांद्यावर घेऊन घळीच्या वाटेनं निघाले. चौघं माणसं, दोन बांबू, वर आडवं माणूस. कसं दिसलं असेल ते तुम्हीच बघा.

अर्ध्या वाटेवर खांदे दुखायला लागले.

आणि त्यांनी बाईंना खाली ठेवलं... विसाव्यावर.

बाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, अहो, पाय दुखतच नाही. चालून दाखवलं. सगळे हसले. पुढं बाई स्वतःच्या पायानं आल्या. यांनी ते दोन्ही बांबू चादरीसकट डाव्या खांद्यावर टाकले आणि मागून निघाले.

हे सगळं मला नंतर कळलं. मी घरी भाकऱ्या थापत होते. फेरीतले सगळे आले, जेवायला बसले. गणेशचे बाबा आलेच नाहीत. विसाव्यापासून घर हाकेच्या अंतरावर. मी बाहेर येऊन बघते तर...

पाण्याचा आवाज येत नव्हता.

घळीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. पाखरू नाही, पानसुद्धा नाही.

मग पावलं ऐकू आली. ठप... ठप... संथ, एका तालात. मला वाटलं, बरोबर कुणीतरी आहे. एका माणसाची पावलं नव्हती ती.

वळणावरून गणेशचे बाबा आले. एकटेच. डावा खांदा खाली गेलेला, तोंड घामानं थबथबलेलं. दोन ओल्या बांबूंचं वजन ते किती असणार? मी म्हटलं, एवढं काय दमलात? तर म्हणाले, जड हाय गो. बांबू गोठ्याच्या भिंतीला टेकवले. पण खांदा वर आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण सारवलं. ओलं होतं म्हणून कुणाला येऊ दिलं नाही. दुपारी बघते तर सारवणात पावलं उमटलेली. अनवाणी, मोठी, पुरुषांची. एकाची नाही, तिघांची. घळीकडून आलेली आणि दाराशी थांबलेली.

परत गेल्याची खूण कुठंच नव्हती.

त्या संध्याकाळपासून गणेशचे बाबा बसेनात. तिन्हीसांज झाली की अंगणात जाऊन उभे राहायचे, डावा हात खांद्याशी वर धरून. मी म्हणायची, बसा हो जरा. ते मान हलवायचे. चार-पाच दिवसांत दिवसासुद्धा तसंच सुरू झालं. उभ्यानंच चहा, उभ्यानंच दोन घास. भिंतीला टेकून झोप. डाव्या खांद्याची कातडी काळी पडली, नांगराच्या बैलाला घट्टा पडतो तशी. नवा सदरा घातला तरी तेवढाच भाग विरून जायचा.

पेणला डॉक्टरला दाखवलं. फोटो काढला. हाड चांगलं, नस चांगली. गोळ्या दिल्या. मग भगत आणला. तो आला, चहा प्यायला, कोंबडा घेऊन गेला. फरक काडीचा नाही. मी रागानं ते दोन बांबू कोयत्यानं तोडले आणि पाणी तापवायच्या चुलीत घातले. चादरसुद्धा जाळली. त्या दिवशी तर त्यांची मान आणखी वाकली.

शेवटी मी हात जोडले त्यांच्यापुढं. म्हटलं, काय आहे खांद्यावर ते मला सांगा. मी तुमची बायको आहे.

त्यांनी घळीकडं बघितलं. मग म्हणाले, "ठेवता येत नाय गो. बाकीचे तिघं खाली ठेवीत नाय."

सारवणातली ती तिघांची पावलं मला आठवली.

तिरडीला चार खांदे लागतात. यांच्याकडं एकच टोक होतं.

"कोण तिघं?" मी विचारलं.

"मागं वळून बघता येत नाय. पण श्वास ऐकू येतो." आणि मग त्यांनी माझा हात घट्ट धरला. "गणेशला सांगू नको. माझ्यानं झेपलं नाय तर त्यांना घरचाच खांदा लागणार. तो नाय म्हणायचा नाय, शांते."

त्या दिवसापासून मला दोन जीव वाचवायचे होते. नवऱ्याचा आणि पोराचा. पोराला सांगितलं, बाबांच्या मानेची शीर आखडलीय. त्याला मुद्दाम मामाकडं झोपायला पाठवायला लागले, कंपनी जवळ पडते म्हणून. तो कुरकुरला. मी त्याच्यावर ओरडले. डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून ओरडले, आणखी काय.

सुलेमानभाईंना मात्र सगळं सांगितलं. ते ऐकून घेतल्याबरोबर उठले, अंगणात गेले आणि यांच्या डाव्या बाजूला स्वतःचा खांदा लावून उभे राहिले. म्हणाले, "आमच्यात मय्यतीला खांदा द्यायला बोलावणं लागत नाय. दे, गुणाजी. घेतो मी."

किती वेळ उभे राहिले बिचारे. काहीच सरकलं नाही. गणेशच्या बाबांच्या डोळ्यांतून नुसत्या धारा. घरचाच लागतो, एवढंच पुटपुटले.

मी रात्रभर विचार केला. ओझं विसाव्यावरून उचललं गेलं आणि उलट्या वाटेनं घरी आलं. मग सुलट्या वाटेनं न्यायला नको का? जिथनं उचललं तिथं ठेवायचं, पुढं नदीवर जायचं, साकवावरून विहिरीवर यायचं, पाय धुवायचे. जसं पूर्वीचे लोक करायचे तसं. यात मंत्र नाही, तंत्र नाही. नुसतं बरोबर चालायचं.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरायला लागली तशी निघालो. सुलेमानभाई म्हणाले, वैनी, तुम्ही थांबा, बायका तिकडं जात नाय. मी म्हटलं, मेलेल्याबरोबर जात नाहीत. माझा नवरा जिवंत आहे. मग त्यांनी मला वाट दिली.

घळीत शिरलो. पुढं गणेशचे बाबा, मागं मी, माझ्या मागं सुलेमानभाई. कातळाच्या सावलीत गार पडलं होतं. पाण्याचा आवाज मागं मागं राहिला आणि मग...

थांबला.

ठप... ठप... ठप...

आमच्या तिघांच्या पायांत चपला होत्या. ती पावलं अनवाणी होती. माझ्या आणि माझ्या नवऱ्याच्या मधून चालत होती. मी हात लांब केला असता तर काहीतरी लागलं असतं. मी दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून घेतले. एका वळणावर यांचा पाय घसरला, तर बांबू करकरल्याचा आवाज आला. बांबू मी माझ्या हातानं जाळले होते.

मी देवाचं नाव घ्यायला गेले, ते आठवेना. नुसतं "चला, चला, आलंच" म्हणत होते. गुरांना म्हणतो तसं.

विसाव्याचा दगड दिसला. गणेशच्या बाबांनी गुडघे वाकवले. हळूहळू डावा खांदा खाली नेला. त्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या.

दगडावर काहीतरी टेकल्याचा आवाज झाला. दगडावर काही नव्हतं.

आणि माझा नवरा... सरळ उभा राहिला.

इतक्या दिवसांनी त्यांचे दोन्ही खांदे मी एका रेषेत बघितले. मी तिथंच रडले असते, पण सुलेमानभाई दबक्या आवाजात म्हणाले, मागं बघू नका, चालत राहा. आम्ही जवळजवळ पळालो. मसणवटीवर नदीला हात जोडले, साकव ओलांडला, विहिरीच्या पायऱ्या उतरून पाय धुतले. गणेशच्या बाबांनी तोंडावर पाणी मारलं आणि हसले. भूक लागलीय म्हणाले. वालाचं बिरडं कर गो आज, म्हणाले. सुलेमानभाईंनी त्यांच्या पाठीत धपाटा घातला. आम्ही तिघं वेड्यासारखे हसत घरी आलो.

तिन्हीसांज झाली होती.

ओटीवर दिवा लागलेला नव्हता. अंधारात कुणीतरी उभं होतं.

गणेश होता.

मी म्हटलं, अरे, तू कसा इथं? बस ना, उभा का? तो म्हणाला, शिफ्ट लवकर सुटली. घर उघडं, तुम्ही कुणीच नाय. शेजारी कळलं की घळीकडं गेलात, म्हणून मागून शोधत गेलो.

"मग दिसलो नाय आम्ही?" गणेशच्या बाबांचा आवाज बदलला होता.

"तुम्ही नाय दिसलात. त्या सपाट दगडापाशी तिघं माणसं होती. मयत होती त्यांच्याजवळ. म्हणाले, चौथा माणूस निघून गेला, गावापर्यंत खांदा देतोस का." तो आमच्याकडं आळीपाळीनं बघत होता. "आये, खांद्याला कोण नाय म्हणतं का?"

गणेशचे बाबा मटकन खाली बसले. इतके दिवस बसायला तडफडलेला माणूस.

सुलेमानभाईंनी विचारलं, कुणाची मयत होती? गणेश म्हणाला, तोंडावरनं कापड होतं. वाटेत ते तिघं पुढं काही बोललेच नाहीत. वाट पण त्यांनीच धरली. आपल्या दारापर्यंत आले आणि मग दिसेनासे झाले.

हे सांगताना तो डावा खांदा चोळत होता...

आम्ही गप्प बसलो असं समजू नका. दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन सुलट्या वाटेनं निघालो. घळीच्या तोंडाशी त्याचे पाय रुतले ते रुतले. सुलेमानभाईंनी आणि त्याच्या बाबांनी दोन्हीकडून धरून ओढला. तो कळवळून म्हणाला, ओढू नका, ते तिघं घराकडंच तोंड करून उभे हायत. असं किती वेळा केलं. त्याचे बाबा त्याच्या बाजूला जाऊन उभे राहतात, म्हणतात, मला द्या परत, माझंच होतं ते. पोराच्या पाया पडतात. ज्यानं एकदा खाली ठेवलं त्याचा खांदा आता घेत नाहीत.

ती बाई कोण, कुठली, तिला फोन लावला. ती ठणठणीत आहे. ते तीन पुरुषसुद्धा चांगले आहेत. मग आमच्या दारात आहेत ते तिघे कोण? तिरडीवर कोण आहे? त्याला घरीच का यायचंय? मला काही कळत नाही. फेरी बंद केली, बाण पुसून टाकले. त्यानं काय होणार?

गणेशची नोकरी सुटली. तो अंगणात उभा असतो. तेवीस वर्षांचा पोर, त्याची मान बघवत नाही.

एकच गोष्ट उरली होती. घरचा खांदा लागतो ना? मग मी काय परकी आहे? सगळे म्हणाले, बाईमाणसाचा खांदा चालत नाही. चालत नाही तर चालत नाही, मी तरी करून बघणार. गेला महिनाभर रोज तिन्हीसांजेला मी त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहते. त्याच्यापेक्षा बुटकी आहे म्हणून खाली पाट घेते. माझा खांदा त्याच्या खांद्याला लावते. आणि त्या तिघांना सांगते की मी याची आई आहे, माझ्याकडं द्या. कधी विनवते, कधी शिव्या घालते. रोज काहीच होत नाही. पाय भरून येतात आणि मी आत जाऊन भाकऱ्या थापते.

काल पाण्याचा आवाज थांबला.

माझ्या मानेवर कुणाचा तरी श्वास लागला... गार.

आणि माझ्या डाव्या खांद्यावर वजन आलं. थोडंसंच. भाताच्या भाऱ्याच्या निम्मंही नसेल. पण आलं. माझ्या डोळ्यांदेखत गणेशची मान जरा वर झाली आणि तो म्हणाला, "आये, सोड. सोड गो, आये."

मी सोडलं नाही.

पिंकी रडतेय आणि टाइप करायचं थांबलीय. मी तिला म्हटलं, लिही बाई, तिन्हीसांज होत आली, मला अंगणात जायचंय. अजून बरंचसं त्याच्याच खांद्यावर आहे.